तळ दिसेल असाच फ्रीझर घ्या

वेगळा फ्रीझर ही वस्तू आता आईस्क्रीमच्या किंवा चिकनच्या दुकानापुरती राहिलेली नाही, आणि डोंबिवलीशेजारच्या कोपरसारख्या ठिकाणी ती घरात यावी अशी कारणे भरपूर आहेत. स्थानकाच्या पश्चिमेला खाडीच्या अंगाने वसलेले जुने कोपर गाव, पूर्वेला आयरे, आणि या दोन्हींना वेढून उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती. गावठाणात म्हावऱ्यावाचून घास न उतरणारी आगरी कुटुंबे आहेत. इमारतींत सकाळची लोकल चुकू नये म्हणून आदल्या रात्रीच डब्याची तयारी करणारी, नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणारी कुटुंबे आहेत. एकाला पावसाळ्यासाठी मासळी ठेवायची असते, दुसऱ्याला थंडीतला सोललेला मटार, मे महिन्यातला आमरस, खवलेला नारळ आणि रविवारीच करून ठेवलेले वाटण. दुकानात गेले की दोघांनाही बहुधा एकच सल्ला मिळतो: आडवा घ्या, झाकणाचा. स्वस्त पडतो, लाइट कमी खातो, वीज गेली तरी थंड राहतो. सल्ल्यातले एकही वाक्य खोटे नाही. पण तो दुकानदाराच्या गरजेवरून बेतलेला आहे, घराच्या नाही. माझे म्हणणे असे की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी लहान, खणांचा, उभा फ्रीझर घ्यावा. आडवा फ्रीझर ज्या घराला खरोखर शोभतो अशी घरे कोपरमध्ये आहेत, पण ती मोजकी आहेत आणि त्यांची ओळख पटवून मगच त्या वाटेला जावे.

आडव्या फ्रीझरच्या बाजूने सगळ्यात आधी सांगितले जाते ते थंड हवेचे. थंड हवा जड असते, झाकण वर उघडले तरी ती पेटीतच बसून राहते. उभ्याचे दार उघडले की पायावर सांडते. हे खरे आहे, उभ्या फ्रीझरसमोर अनवाणी उभे राहणाऱ्याला ते लगेच कळते. पण या सांडलेल्या हवेची किंमत किती, हे कुणी मोजून सांगत नाही. दोनशे लिटरच्या कप्प्यातली हवा वजनाने पाव किलोच्या आसपास असते. ती सगळीच्या सगळी बाहेर गेली, तिच्या जागी पावसाळ्यातली तीस अंशांची दमट हवा आली, आणि ती उणे 18 अंशांपर्यंत थंड करून तिच्यातल्या चार-पाच ग्रॅम बाष्पाचा बर्फ करायचा म्हटला, तरी जी उष्णता काढावी लागते ती एका युनिटच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. दिवसातून पाच-सहा वेळा दार उघडले तर हिशेब युनिटच्या विसाव्या भागाच्या आसपास जातो. शिवाय उभ्या फ्रीझरमध्ये उघड्या जाळ्यांऐवजी बंद तळाचे, बंद बाजूंचे खण असतील तर खणातली हवा बरीचशी खणातच राहते. नुकसान होते ते दार उघडे टाकून शोधत बसल्याने. आणि शोधत बसण्याची वेळ कुठल्या फ्रीझरमध्ये जास्त येते, याकडे वळावेच लागेल.

त्याआधी विजेचे. आडवा फ्रीझर कमी वीज घेतो यामागची खरी कारणे वेगळी आहेत: त्याच्या भिंती साधारणपणे जाड असतात, झाकण स्वतःच्या वजनानेच रबरावर घट्ट बसते, आणि घरगुती पेट्यांमध्ये सहसा बर्फ वितळवणारा हीटर नसतो. उभ्यामध्ये फ्रॉस्ट-फ्री प्रकार घेतला तर पंखा आणि ठरावीक वेळाने चालणारा हीटर या दोघांची वीज वाढते. म्हणजे बिलात फरक पडतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. घरात फ्रीझर नव्याने आला की त्याची युनिटे या उतरंडीत सर्वांत वर जाऊन बसतात, त्यामुळे ती तुमच्या बिलातली सर्वांत महाग युनिटे असतात. महिन्याला 280 युनिट वापरणाऱ्या घरात चाळीस युनिटांचा फ्रीझर आला तर त्यातली वीस युनिटे तिसऱ्या टप्प्याच्या दराने पडतील. म्हणून लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात त्यांना बाराने भागून, आपले बिल समोर ठेवूनच हिशेब करावा. समजा, उभा आडव्यापेक्षा महिन्याला दहा युनिटे जास्त खातो. तिसऱ्या टप्प्याच्या दरानेही ही रक्कम अशी आहे की अर्धा किलो सुरमई टाकून द्यावी लागली तर त्या महिन्याची बचत कुठल्या कुठे गेलेली असते.

आणि आडव्या फ्रीझरमध्ये सुरमई टाकून द्यावी लागते. तळाशी जाते म्हणून. शंभर-दोनशे लिटरच्या पेटीची उंची साधारण 85 सेंटिमीटर असते. आत एका कोपऱ्यात कॉम्प्रेसरवरचा उंचवटा, वर कडेला अडकवलेली एखादी तारेची टोपली, आणि उरलेला सगळा एकच खोल खड्डा. आपल्याकडे स्वयंपाकघरातला फ्रीझर बहुतेक घरांत बाई उघडते, आणि भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. तिला तळाचे पाकीट काढायचे असेल तर आधी टोपली उचलून ओट्यावर ठेवायची, मग वरच्या थराची सात-आठ पाकिटे बाहेर काढायची, पेटीच्या काठावर पोट टेकवून कमरेतून वाकायचे, एका हाताने चाचपत एकमेकांना चिकटलेली पाकिटे सोडवायची. पाकिटांवर पांढरी साय धरलेली असते, आत कोलंबी आहे की नारळ ते ओळखू येत नाही, बोटे बधिर होतात. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्या बाईने हे काम आठवड्यातून दोनदा करावे अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. ती ते करतही नाही. ती वरचे पाकीट काढते, त्याच्या जागी नवीन आणलेले ठेवते, आणि तळाचा थर जिथल्या तिथे जुना होत राहतो. उभ्या फ्रीझरमध्ये खण ओढला की काय आहे ते दिसते. वरच्या खणात वाटणे, मधल्यात मटार आणि आमरस, खालच्यात मासळी अशी वाटणी करता येते, आणि शाकाहारी सासूबाई व मत्स्याहारी सून एकाच घरात असतील तर या वाटणीचे मोल वेगळे सांगायला नको.

जुने झाले म्हणून काय बिघडते, उणे 18 अंशांवर काही सडत नाही, असे कुणी म्हणेल. सडत नाही हे खरे. त्या तापमानाला जिवाणूंची वाढ थांबते. ते मरत मात्र नाहीत, हेही सोबत लक्षात ठेवावे. पण चव आणि पोत हळूहळू उतरतच असतात. बांगडा, सुरमई यांसारख्या तेलकट माशांचे तेल थंडीतही खवट होत जाते, म्हणून ते दोन-तीन महिन्यांत संपवावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. कमी तेलाची मासळी त्याहून जास्त टिकते. ओल्या बोंबलाची तर गोष्टच निराळी. त्याच्या अंगात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी. घरच्या फ्रीझरमध्ये तो सावकाश गोठतो, पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते मांस फाडतात, आणि वितळल्यावर ताटलीत पाणी आणि लगदा उरतो. बोंबील बाजारातून आणला त्या दिवशीच तळावा, हा आज्यांचा नियम कोणत्याही यंत्राने मोडलेला नाही.

इथे आगरी-कोळी घरांचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. या काळात मिळते ती मासळी कमी आणि महाग. मेच्या अखेरीस भरून ठेवायची तर मोठी पेटीच हवी ना? मोजून पाहू. चार माणसांचे कुटुंब आठवड्यातून दोनदा मासे खाते, दर वेळी पाऊण किलो साफ केलेले तुकडे लागतात असे धरले, तर नऊ आठवड्यांना साडेतेरा किलो होतात. चपट्या पाकिटांत नीट रचले तर एवढ्या मासळीला पंचवीस-तीस लिटर जागा पुरते, म्हणजे खणांच्या फ्रीझरचा एक मोठा खण, फार तर दीड. त्यातही या दोन महिन्यांत सगळीच भिस्त गोठवलेल्या मासळीवर नसते. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, खाडीतले थोडेफार येत राहते. घरोघरी सुकट, वाकटी, सुके बोंबील, करंदी डब्यांत भरलेली असतेच. आणि आषाढी अमावस्या उलटली की श्रावण पाळणाऱ्या घरांत महिनाभर मासळीची गरजच उरत नाही. म्हणजे चार माणसांच्या घराला बंदीच्या नावाने दोनशे लिटरची पेटी विकणारा त्याला दीडशे लिटर हवा विकत असतो. रिकाम्या जागेलाही वीज लागते, आणि रिकामी जागा दिसली की ती भरावीशी वाटते.

भरण्याचाही एक नियम आहे आणि मोठी पेटी तो मोडायला लावते. फ्रीझर हे मुळात गोठलेले गोठलेले ठेवण्याचे यंत्र आहे. नवे गोठवण्याची त्याची ताकद मर्यादित असते आणि ती माहितीपुस्तिकेत दिवसाला इतके किलो अशी दिलेली असते. बंदीच्या आदल्या रविवारी पंधरा-वीस किलो ओली मासळी एकदम आत ढकलली, तर मधली पाकिटे गोठायला दीड-दोन दिवस घेतात, आणि त्यांच्या उबेने आधीचा मालही मऊ पडतो. मासळी तीन-चार खेपांत, एकेका जेवणापुरत्या चपट्या पाकिटांत, तारीख लिहून ठेवावी. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावा, निथळून मगच भरावा. नाहीतर त्यातली विकरे थंडीतही काम करत राहतात आणि रंग-चव दोन्ही जाते. हे सगळे नियम दोन्ही फ्रीझरना सारखेच लागू आहेत. फरक एवढाच की खणांच्या फ्रीझरमध्ये नवे पाकीट एका मोकळ्या खणात एका थरात पसरता येते, पेटीत ते जुन्याच्या डोक्यावर पडते.

आता जागा. कोपरमधला वन बीएचके म्हणजे साडेतीनशे-चारशे चौरस फुटांचा संसार. दोनशे लिटरची पेटी साधारण एक मीटर रुंद आणि चांगली दोन फूट खोल असते. वर झाकण उघडायला आणखी दोन फूट मोकळे लागतात, म्हणजे तिच्यावर ना फडताळ येते ना मिक्सर. बहुतेक पेट्यांमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्या आतच बसवलेल्या असतात, म्हणून तिच्या बाजू हाताला गरम लागतात. दिवाण आणि कपाट यांच्या फटीत ती ठोकून बसवली की ही उष्णता कोंडते, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि कमी वीज खाण्याचा सगळा गुण तिथेच संपतो. चहूबाजूंनी दहा सेंटिमीटर सोडायचे तर पेटी हॉलचा कोपराच गिळते. उभ्याला साधारण दोन फूट बाय दोन फूट जमीन पुरते, बाकी तो उंचीत जातो, आणि उंची आपल्या घरांत फुकट पडलेली असते. जुन्या इमारतींत लिफ्ट नाही, जिन्याची वळणे अरुंद आहेत. मीटरभर लांबीची पेटी तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमाल काय म्हणतात ते विकत घेण्याआधीच विचारून घ्यावे.

वीज जाण्याचा आक्षेप मात्र मी हलक्याने घेणार नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी कळवा-पडघा भागातल्या पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबई तासन्‌तास अंधारात गेली. 26 जुलै 2005च्या महापुरानंतर तर कल्याण-डोंबिवली पट्ट्यात अनेक ठिकाणी लोकांनी याहून कितीतरी जास्त वेळ विजेविना काढला. अशा वेळी जाड भिंतींची, वरून झाकलेली पेटी नक्कीच जास्त तग धरते. पण तग धरण्यात भिंतीइतकाच वाटा आत किती माल आहे याचा असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की दार न उघडता ठेवलेला भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास तापमान टिकवतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात यातले काही तास कमी धरावेत. तरीही नेहमीच्या दोन-चार तासांच्या खंडाला भरलेला उभा फ्रीझर सहज पुरून उरतो, आणि अर्धी रिकामी मोठी पेटी भरलेल्या लहान उभ्यापेक्षा फार सुरक्षित असते असे नाही. रिकाम्या जागेत पाणी भरलेल्या बाटल्या, वर दोन बोटे मोकळी सोडून, गोठवून ठेवल्या तर हा काळ वाढतो. खाडीकाठच्या तळमजल्यावर फ्रीझर कोणताही असो, तो विटांच्या ओट्यावर ठेवावा, कारण दोन्ही प्रकारांत कॉम्प्रेसर तळाशीच असतो आणि घरात गुडघाभर पाणी आले की पहिला तोच जातो.

बर्फ काढण्याचे काम दोघांनाही आहे, फ्रॉस्ट-फ्री सोडून. कोपरच्या दमट हवेत साय लवकर धरते. पाव इंच जाड झाली की फ्रीझर बंद करून, माल चादरीत गुंडाळून, आत कोमट पाण्याचे पातेले ठेवून ती सुटू द्यावी. सुरी किंवा उलथने लावून खरवडू नये. पेटीत थंड करणाऱ्या नळ्या भिंतीच्या आत गाडलेल्या असतात. एक भोक पडले की गॅस जातो, आणि ती गळती शोधून दुरुस्त करणे बहुतेकदा परवडतच नाही. आजकालच्या अनेक यंत्रांत आयसोब्युटेन वापरतात, तो ज्वलनशील आहे. फ्रॉस्ट-फ्री उभ्यात हे काम वाचते, पण त्याच्या फिरत्या कोरड्या हवेने उघडे अन्न सुकते. तिथे पाकिटातली हवा दाबून काढणे आणि डबे घट्ट लावणे भाग आहे.

बाजारातली एक अडचण मान्य करायला हवी. आपल्याकडे घरगुती आडवे फ्रीझर सहज मिळतात, उभे शोधावे लागतात आणि महाग पडतात. उभा मागितला की काही जण काचेच्या दाराचा कूलर दाखवतात. तो शीतपेयांसाठीचा असतो, शून्याच्या वरच चालतो, त्यात मासळी गोठत नाही. म्हणून यंत्रावर उणे 18 लिहिलेले आहे का ते पाहावे. फ्रीझरच्या कप्प्यावरच्या चांदण्या आणि वीजबचतीच्या चांदण्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्या तापमान सांगतात, चार असतील तर ताजे अन्न गोठवण्याची ताकदही; दुसऱ्या, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीच्या, वीज सांगतात. डीप फ्रीझरसाठी हे दुसरे लेबल ब्युरोने 2020मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू केले. हवामानाच्या वर्गात ‘टी’ असलेले यंत्र 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असते. कल्याण-डोंबिवलीचा उन्हाळा पाहता त्याखालचे घेऊ नये. घरात जुना एकदारी फ्रिज असेल तर त्याचा बर्फाचा कप्पा उणे 18 पर्यंत बहुधा जातच नाही. अशा घरात आधी चांगल्या फ्रीझरचा दोनदारी फ्रिज येऊ शकतो का, हेही तपासावे. अनेक कुटुंबांचा प्रश्न तिथेच मिटेल.

आडवा कुणी घ्यावा? ज्यांचे गावठाणात स्वतःचे तळमजल्याचे घर आहे, पडवीत किंवा मागच्या खोलीत मोकळी भिंत आहे, एकत्र कुटुंबात पंधरा माणसे जेवतात आणि बंदीआधी पन्नास किलो मासळी खरोखर भरली जाते, त्यांनी बिनदिक्कत घ्यावा. घरून मासळीचा, मोदकांचा किंवा पोळी-भाजीचा धंदा करणाऱ्यांनीही घ्यावा, कारण त्यांचा माल थरच्या थर बाहेर पडतो, तळ आठवड्याला दिसतो. बाकीच्यांनी शंभर-दीडशे लिटरचा, बंद खणांचा उभा शोधावा, थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी. आणि पैसे भरण्याआधी घरात जी व्यक्ती तो रोज उघडणार आहे तिलाच दुकानात घेऊन जावे, झाकण किंवा दार उघडून सर्वांत खालच्या कोपऱ्यापर्यंत तिचा हात पोचतो का ते तिला पाहू द्यावे. तिने नको म्हटले, तर सवलत कितीही असो, ते यंत्र घरी आणू नका.